सिमेंटच्या कारखान्यातला मारिओ

रोलंड जोफी दहा दिवस क्योतोत बसून होता. निन्टेंडोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांची भेट मिळणार होती. कधी, ते ठरत नव्हतं. अखेर फोन आला, भेट झाली आणि जोफी परतला तो मारिओचा करार खिशात घालून. २० लाख डॉलर मोजून त्याने मारिओला पडद्यावर आणण्याचे हक्क मिळवले होते. मोठे स्टुडिओ सोडून हक्क तुमच्यासारख्या लहान कंपनीला का द्यायचे, असं यामाउचींनी विचारलं होतं. जोफीचं उत्तर तयार होतं: आमच्याकडे चित्रपटावर तुमचा शब्द जास्त चालेल.

गंमत अशी की यामाउचींना तो शब्द चालवायचाच नव्हता. १८८९ साली पणजोबांनी हानाफुदा पत्ते छापायला काढलेली ही कंपनी त्यांनी तरुणपणी हातात घेतली आणि खेळण्यांकडून व्हिडिओ गेमकडे नेली. ते स्वतः गेम खेळत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. मारिओचं नाव एवढं मोठं आहे की एखादा प्रयोग फसला तरी त्याला ओरखडा उमटणार नाही, असा निन्टेंडोचा हिशोब होता. खेळणी आणि इतर मालाचे हक्क तेवढे त्यांनी स्वतःकडे ठेवले. चित्रपट तुमचा तुम्ही करा म्हणाले. पुढे जे घडलं त्याचं मूळ मला या उदार बेफिकिरीत दिसतं.

जोफी हे नाव आपल्याकडच्या वाचकांना अगदीच परकं नाही. कंबोडियातल्या नरसंहारावरचा 'द किलिंग फील्ड्स' त्याचा, कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा 'द मिशन' त्याचा आणि ओम पुरी, शबाना आझमी यांना घेऊन कोलकात्यात केलेला 'सिटी ऑफ जॉय'ही त्याचाच. त्या चित्रीकरणाच्या वेळी शहरात मोर्चे निघाले, कोर्टकज्जे झाले, सेटवर गावठी बाँबही पडला. एकीकडे हा दिग्दर्शक हातरिक्षा ओढणाऱ्याची कहाणी चित्रित करत होता आणि दुसरीकडे त्याची 'लाइटमोटिव्ह' ही निर्मितीसंस्था लाल टोपीतल्या मिशाळ प्लंबरचा चित्रपट उभा करू पाहत होती. मारिओचं दिग्दर्शन त्याने स्वतः केलं नाही. जेक एबर्ट्सबरोबर तो निर्माता राहिला.

मारिओ तेव्हा काय चीज होती, हे नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. आपल्याकडे तो आला बहुतेक नकली यंत्रांतून. टीव्हीला जोडायचा खोका, दोन रिमोट, एक बंदूक आणि 'एकात हजारो गेम' असं छापलेली पिवळी नाहीतर काळी कॅसेट. चालली नाही की काढून फुंकर मारायची आणि परत खोचायची. त्या हजारांतले दहा-बाराच गेम खरे असत, बाकी त्यांचीच उलटसुलट रूपं. पण त्यात मारिओ असणारच. अमेरिकेत तर १९९० च्या सुमारास मुलांमध्ये मिकी माउसपेक्षा मारिओ जास्त ओळखीचा झाल्याचं एका पाहणीत दिसलं होतं. अशा नावावर चित्रपट काढला तर पैसा बुडेल कसा?

अडचण एकच वाटत होती: गोष्ट. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची कथा पोस्टकार्डावर मावेल. कासवांच्या राजाने राजकन्या पळवली आहे, मारिओ नळांतून, खड्ड्यांवरून, किल्ल्यांमधून धावत तिला सोडवतो. संपलं. जपानमध्ये १९८६ मध्ये मारिओवर एक ॲनिमेशनपट येऊन गेला होता, अमेरिकेत १९८९ मध्ये टीव्ही मालिका झाली होती. पण हाडामांसाची माणसं घेऊन व्हिडिओ गेमवर मोठा चित्रपट अजून कुणी केलेला नव्हता. कसा करतात, हे विचारायचं तरी कुणाला?

पहिली पटकथा लिहिली 'रेन मॅन'चा ऑस्करविजेता लेखक बॅरी मॉरो याने. 'रेन मॅन'सारखीच ती दोन भावांच्या प्रवासाची निघाली, म्हणून कंपनीत तिला गमतीने 'ड्रेन मॅन' म्हणू लागले. ती बाजूला पडली. मग जिम जेनेवाइन आणि टॉम पार्कर या जोडीने परीकथेसारखी दुसरी लिहिली, तीत जादू होती, थट्टा होती. तिच्यासाठी धरलेला दिग्दर्शक गेला आणि ती पटकथाही गेली. मारिओच्या भूमिकेसाठी डस्टिन हॉफमन उत्सुक होता. डॅनी डिव्हिटोचं नाव घेतलं जात होतं. हॅरॉल्ड रेमिसला दिग्दर्शनासाठी विचारलं, त्याने नकार दिला.

शेवटी काम गेलं रॉकी मॉर्टन आणि ॲनाबेल जँकेल या ब्रिटिश नवरा-बायकोकडे. 'मॅक्स हेडरूम' हे त्यांचं गाजलेलं अपत्य: संगणकातून बोलणारा, अडखळणारा, खवचट निवेदक. तो संगणकातला नव्हताच, रबरी मुखवटा चढवलेला नट होता, पण सगळ्यांना खरा वाटला. या दोघांनी मारिओकडेही तसंच उलट्या बाजूने पाहिलं. खरी घटना वेगळीच घडली होती आणि जपानी गेमवाल्यांनी तिचं गोड बालरूप केलं, असं समजू या. मग खरी घटना कोणती? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळला तेव्हा डायनोसोर मेले नाहीत. जगाचे दोन तुकडे झाले आणि दुसऱ्या तुकड्यात डायनोसोरांचीच माणसं झाली. त्यांचं न्यूयॉर्क म्हणजे 'डायनोहॅटन', अंधारं, गळकं, बुरशीने माखलेलं. तिथला हुकूमशहा कूपा.

कल्पना वाईट नव्हती. १९८९ चा टिम बर्टनचा 'बॅटमॅन' नुकताच धो धो चालला होता आणि पोरांच्या नायकाला काळोखात नेलं की मोठी माणसंही तिकीट काढतात, हे हॉलिवूडला कळलं होतं. पण बॅटमॅन मुळातच रात्रीचा प्राणी. मारिओ निळ्या आकाशाखाली, हसऱ्या ढगांमधून उड्या मारतो.

सेट उभारायला जागा सापडली ती नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनजवळ. तिथे आयडियल सिमेंट कंपनीचा बंद पडलेला कारखाना होता: काँक्रीटचे प्रचंड सांगाडे, मजल्यांवर मजले, सगळीकडे धूळ. 'ब्लेड रनर'चा कलादिग्दर्शक डेव्हिड स्नायडर याने त्या सांगाड्यातच डायनोहॅटन वसवलं. रस्ते, दुकानं, निऑनच्या पाट्या, वरून जाणाऱ्या तारा, तारांवरून धावणाऱ्या गाड्या आणि सगळ्यावर लोंबणारी चिकट बुरशी. छायालेखक होता डीन सेमलर, 'डान्सेस विथ वुल्व्ह्ज'साठी ऑस्कर मिळालेला. म्हणजे माणसं निवडताना हात आखडता घेतलेला नव्हता. आजही चित्रपट लावला की पहिल्यांदा डोळ्यात भरतो तो हा सेट.

मारिओ झाला बॉब हॉस्किन्स, 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'चा नायक. हा व्हिडिओ गेम आहे हे त्याला आपल्या मुलाकडून कळलं, असं तो पुढे सांगायचा. लुईजी झाला जॉन लेग्विझामो, कूपा झाला डेनिस हॉपर, कूपाची साथीदार लेना झाली फियोना शॉ. राजकन्या म्हणून डेझी, सामंथा मॅथिस. डिक क्लेमेंट आणि इयन ला फ्रेने या मुरलेल्या ब्रिटिश लेखकांनी नव्याने लिहिलेली पटकथा वाचून यातले काहीजण तयार झाले होते. मोठ्यांसाठीची, तिरकस, काळ्या विनोदाची ती पटकथा होती.

आणि मग चित्रीकरणाला थोडे दिवस उरले असताना ती बदलली.

पैसा आटत आला होता. वितरणाचे हक्क डिझ्नीच्या 'हॉलिवूड पिक्चर्स'ने घेतले आणि डिझ्नीला काळा विनोद नको होता, मुलांचा चित्रपट हवा होता. निर्मात्यांनी 'बिल अँड टेड'चा लेखक एड सॉलोमन आणि रायन रो यांना बोलावून पटकथा पुन्हा लिहायला बसवलं. दिग्दर्शकांना त्यात जवळजवळ जागाच नव्हती. सेट बांधून झाले होते, ते एका पटकथेचे. नट आले होते, ते त्याच पटकथेसाठी. हातात आली ती दुसरीच. हॉलिवूडमध्ये पटकथेत बदल झाला की नवी पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर देतात: निळी, गुलाबी, पिवळी, हिरवी. इथे रंग इतक्या वेगाने बदलत गेले की काही नटांनी पानं वाचणंच सोडलं. एक ना धड भाराभर चिंध्या, हे ज्याला पाहायचं असेल त्याने हा चित्रपट पाहावा; कुठल्या दृश्याला कुठल्या चिंधीचा रंग लागलाय, ते ओळखता येतं.

१९९२ च्या मे महिन्यात चित्रीकरण सुरू झालं. बंद कारखाना, दक्षिणेतला दमट उन्हाळा आणि अंगावर रबर. हॉपरला पाच आठवड्यांसाठी बोलावलं होतं, तो सतरा आठवडे अडकला. दिग्दर्शक नवरा-बायको एकमेकांना न विचारता निर्णय घेतात आणि दोघांनाही सगळं आपल्या मुठीत हवं असतं, अशी त्याची तक्रार होती. एकदा संवाद बदलले म्हणून तो सगळ्या युनिटसमोर असा काही भडकला की त्या दिवसाचं काम खोळंबलं. पण माणूस धोरणी. तेवढ्या मुक्कामात त्याने विल्मिंग्टनमध्ये दोन इमारती घेतल्या, एकीत चित्रं काढायची खोली केली. सतरा आठवड्यांचा काही तरी उपयोग करून घेणारा बहुधा तो एकटाच. त्याच्या लहान मुलाने त्याला नंतर विचारलं, बाबा, तुम्ही हा चित्रपट का केलात? तुला बूट घ्यायला पैसे हवेत म्हणून, हॉपर म्हणाला. मला बूट एवढे काही नकोत, पोरगं म्हणालं.

हॉस्किन्स आणि लेग्विझामो यांनी वेगळा मार्ग काढला. दोन शॉट्सच्या मध्ये ते व्हिस्की घेऊ लागले. लेग्विझामोने आपल्या आत्मकथनात हे मोकळेपणी लिहिलं आहे. अशाच एका वेळी हॉस्किन्स गाडी चालवत होता, ब्रेक जोरात लागला, दार सरकलं आणि लेग्विझामो जायबंदी झाला. काही दृश्यांत तो प्लास्टर सांभाळून वावरताना दिसतो म्हणतात.

आता पडद्यावर काय आलं, ते पाहू. गेममधले गूम्बा म्हणजे वाटीएवढे, रागावलेले, पायाखाली येणारे तपकिरी मशरूम. चित्रपटात ते झाले लांब कोट घातलेले धिप्पाड सैनिक, खांद्यांवर मुठीएवढं सरड्याचं डोकं. कूपा नको असलेल्या माणसाला एका यंत्रात बसवतो, उत्क्रांतीचं चाक उलटं फिरवतो आणि त्याचा गूम्बा करतो. यासाठी त्याचे शिपाई ज्या बंदुका वापरतात, त्या म्हणजे निन्टेंडोने दुकानात विकायला ठेवलेल्या 'सुपर स्कोप' या खेळण्यातल्या बंदुका, रंग फासलेल्या. बॉब-ओम नावाचा चावीचा चिमुकला बाँब चालत येतो तेव्हा त्याच्या तळव्यावर रीबॉकचं नाव दिसतं. पोलिस नावं विचारतात तेव्हा भाऊ सांगतात: मारिओ मारिओ आणि लुईजी मारिओ. आडनाव मारिओ! आणि ज्या वेशाने जग मारिओला ओळखत होतं, तो रंगीत वेश भावांच्या अंगावर यायला चित्रपट अर्ध्याहून पुढे जातो. मधल्या वेळात थिएटरात बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाने काय पाहायचं?

तरीही एक प्रसंग असा आहे की त्यासाठी मी बरंच माफ करीन. मारिओ आणि लुईजी लिफ्टमध्ये शिरतात, ती गूम्बांनी खच्चून भरलेली. पार्श्वभूमीला मंद, गोड गाणं वाजतंय. लुईजी हळूच एका गूम्बाला धक्का देतो, तो शेजाऱ्यावर कलतो, शेजारी पुढच्यावर. बघता बघता ते सगळे धिप्पाड सैनिक, चिमुकली डोकी हलवत, गाण्याच्या तालावर डुलू लागतात आणि दोघे भाऊ त्यांच्या पायांमधून निसटतात. मारामारी नाही, संवाद नाही. गेम जसा खेळकर आहे तसा चित्रपट इथे तेवढ्यापुरता खेळकर होतो.

चित्रीकरण संपल्यावर, मॉर्टनच्या म्हणण्यानुसार, दिग्दर्शकांना संकलनाच्या खोलीत येऊ दिलं जात नव्हतं. दिग्दर्शकांच्या संघटनेला मध्ये घालावं लागलं. गोष्ट कुणाला कळत नाही म्हणून सुरुवातीला डायनोसोरांचं छोटं ॲनिमेशन जोडलं. खर्च ४ कोटी ८० लाख डॉलरपर्यंत गेल्याचं सांगतात. २८ मे १९९३ ला चित्रपट लागला. त्याच दिवशी सिल्व्हेस्टर स्टॅलोनचा 'क्लिफहँगर' लागला आणि बरोबर दोन आठवड्यांनी, ११ जूनला, 'जुरासिक पार्क'. डायनोसोर पाहायचेत, तर कुठले पाहायचे, हा प्रश्नच उरला नाही. विल्मिंग्टनमध्ये मेहनतीने घडवलेला, तारा आणि पंपांवर डोळे मिचकावणारा यांत्रिक डायनोसोर योशी खरं तर देखणा होता. स्पिलबर्गच्या टी-रेक्ससमोर त्याला कोण विचारतं? अमेरिकेत सगळा मिळून गल्ला २ कोटी १० लाखांच्या आसपास थांबला. चित्रपट आपटला.

हॉस्किन्सला २०११ मध्ये 'गार्डियन'ने तीन वेगवेगळे प्रश्न विचारले: सगळ्यात वाईट काम कोणतं, सगळ्यात मोठा अपेक्षाभंग कोणता, भूतकाळात बदल करता आला तर काय बदलाल? तिन्हींचं उत्तर एकच आलं. मॉर्टन आणि जँकेल यांनी एकत्र पुन्हा चित्रपट केला नाही. निन्टेंडोने दार लावून घेतलं ते जवळजवळ पंचवीस वर्षं.

मारिओचा जनक शिगेरू मियामोतो याचं या पराभवावरचं मत ऐकण्यासारखं आहे. चित्रपटाने गेमच्या फार जवळ जायचा प्रयत्न केला, त्यामुळे तो गेमबद्दलचा चित्रपट झाला, स्वतःच्या पायावर उभा राहिलेला करमणुकीचा चित्रपट झाला नाही, असं त्याने म्हटलं. मोठ्या माणसाचं मत आहे, पण मला पटत नाही. फार जवळ? पिवळ्या नाण्यांपासून, निळ्या आकाशापासून, उडीच्या आनंदापासून हा चित्रपट मैलोगणती लांब पळत होता. गेमची त्याला लाज वाटत होती, असंच चित्रपट पाहताना वाटतं. मियामोतो शिष्टाचार पाळून बोलला असावा.

तोवर बाकीचे मात्र रांगेत उभे होतेच. १९९४ च्या नाताळात 'स्ट्रीट फायटर' आला. नायक जाँ-क्लोद व्हॅन डॅम, खलनायक राउल जुलिया. जुलियाला कर्करोगाने पोखरलं होतं. आपल्या मुलांना हा गेम आवडतो म्हणून त्याने भूमिका घेतली आणि चित्रपट लागायच्या दोन महिने आधी तो गेला. त्या सुमार चित्रपटात त्याचा एकेक संवाद असा ठणठणीत आहे की बाकीच्यांनी लाजावं. त्याच चित्रपटात आपल्याला ओळखीचा आणखी एक चेहरा दिसतो. गेममधला धालसिम हा हातपाय लांबवणारा, गळ्यात कवट्या घातलेला भारतीय योगी. चित्रपटात त्याला शास्त्रज्ञ केलं आणि ती भूमिका दिली रोशन सेठला. 'गांधी'तले आणि दूरदर्शनच्या 'भारत एक खोज'मधले पंडित नेहरू! टीकाकारांनी चित्रपट झोडपला, पण पैसे त्याने मारिओच्या अडीच पट तरी मिळवले.

१९९५ च्या ऑगस्टमधला 'मॉर्टल कॉम्बॅट' अधिक शहाणा होता. तेव्हाचा नवखा दिग्दर्शक पॉल अँडरसन याने गोष्ट शोधण्यात वेळ घालवला नाही. गेम म्हणजे एक स्पर्धा, मग चित्रपटही स्पर्धाच. चाचणीच्या खेळांत प्रेक्षकांनी मारामाऱ्या कमी पडतात म्हटल्यावर आणखी मारामाऱ्या चित्रित करून घातल्या. सुमारे २ कोटी डॉलर खर्चून जगभरात १२ कोटींवर कमाई झाली, अमेरिकेत तीन आठवडे पहिला क्रमांक. अभिजात कला नव्हे, पण काय द्यायचं आहे ते पक्कं ठाऊक असलेल्या माणसाचं काम.

पुढची पंधरा-वीस वर्षं मी भरभर ओलांडतो, कारण त्यातलं बरंच ओलांडण्याच्याच लायकीचं आहे. २००१ मध्ये अँजेलिना जोलीची 'लारा क्रॉफ्ट' चालली, नायिकेमुळे. त्याच वर्षी 'फायनल फँटसी'चा कर्ता हिरोनोबू साकागुची याने हवाईतल्या होनोलुलूत स्टुडिओ थाटून सबंध चित्रपट संगणकावर घडवला. नायिका आकीच्या डोक्यावरचे साठ हजार केस एकेक करून हलवले. सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर खर्च, साडेआठ कोटींच्या आसपास परत. केस अप्रतिम होते. स्टुडिओ बंद झाला. इथे तर गेमचा निर्माताच दिग्दर्शक होता, तेव्हा 'गेमवाल्यांच्या हाती दिलं की सगळं ठीक होतं' असा सोपा निष्कर्ष कुणी काढू नये.

मग आला उवे बोल. जर्मन करकायद्यात एक पळवाट होती: चित्रपटात घातलेला पैसा करातून वळता करता यायचा. तिच्या आधाराने या गृहस्थाने 'हाउस ऑफ द डेड', 'अलोन इन द डार्क', 'ब्लडरेन' असे गेमवरचे चित्रपट धडाधड काढले, एक तोडलेला तर दुसरा मोडलेला. २००६ मध्ये त्याने आपल्या टीकाकारांना बॉक्सिंगच्या रिंगणात बोलावून खरोखर ठोकून काढलं. तो शिकलेला मुष्टियोद्धा होता, ते बिचारे लेखणीवाले. 'वॉरक्राफ्ट'चे हक्क मागायला तो गेला तेव्हा ब्लिझार्ड कंपनीने ठाम नकार दिला आणि तुम्हाला तर कधीच नाही, असंही सुनावल्याचं त्यानेच सांगितलं.

या सगळ्या काळात हॉलिवूड एकच पालुपद म्हणत राहिलं: गेममध्ये गोष्टच नसते, आम्ही काय करणार? नाचता येईना, अंगण वाकडं.

ते अंगण वाकडं नव्हतं, याचा पुरावा तीस वर्षांनी त्याच मारिओने दिला. २०१४ मध्ये सोनी स्टुडिओची ई-मेल चोरीला जाऊन बाहेर पडली, त्यातून मारिओच्या हक्कांसाठी पुन्हा खटपट चालल्याचं जगाला कळलं. पण निन्टेंडोने अखेर हात धरला तो 'डेस्पिकेबल मी' काढणाऱ्या इल्युमिनेशनच्या ख्रिस मेलेडँड्री याचा. जानेवारी २०१८ मध्ये घोषणा झाली आणि तिच्यात एक कलम होतं जे १९९३ मध्ये नव्हतं: मियामोतो सहनिर्माता. खर्चातही निन्टेंडोचा वाटा. म्हणजे पैसा बुडाला तर आपलाही बुडणार, चेहरा बिघडला तर आपलाही बिघडणार. मेलेडँड्री पुढे निन्टेंडोच्या संचालक मंडळावरच गेला.

मधल्या काळात सेगाच्या सोनिकने एक धडा घालून दिला होता. एप्रिल २०१९ मध्ये त्याच्या चित्रपटाची पहिली झलक आली आणि निळ्या हेजहॉगच्या तोंडात माणसाचे दात बघून लोक हादरले. एवढी बोंब झाली की दिग्दर्शक जेफ फाउलर याने दोन-तीन दिवसांत जाहीर केलं, बदलतो. प्रदर्शन तीन महिने लांबणीवर टाकलं, अख्खं पात्र नव्याने घडवलं. १४ फेब्रुवारी २०२० ला चित्रपट लागला आणि ३० कोटी डॉलरच्या वर गेला. १९९३ मध्ये असं ओरडायला मुलांकडे जागा नव्हती. ती फक्त तिकीट काढायची नाहीत.

'द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही' ५ एप्रिल २०२३ ला लागला. आता त्याची गोष्ट नीट पाहा. ब्रुकलिनमधले दोन प्लंबर भाऊ. धंदा बेताचा. शहराखालच्या भुयारातून ते दुसऱ्याच जगात ओढले जातात. तिथे एक हुकूमशहा, दोन जगं, एक राजकन्या, ताटातूट, शेवटी सगळा तमाशा न्यूयॉर्कच्या रस्त्यावर. कुठे तरी वाचल्यासारखं वाटतंय ना? हाडांचा सापळा जवळपास १९९३ चाच आहे. पटकथा सामान्य आहे, हेही सांगून टाकतो. टीकाकारांनी तेच म्हटलं. पण आकाश निळं आहे, नळ हिरवे आहेत, मारिओ पहिल्या पंधरा मिनिटांत उडी मारतो आणि तीस वर्षं कानात बसलेली धून योग्य जागी वाजते. चित्रपटाने जगभरात १३६ कोटी डॉलर मिळवले. लेग्विझामोने मात्र तो बघणार नाही म्हणून जाहीर केलं. नव्या चित्रपटात लॅटिन कलावंतांना जागा नाही, ही त्याची तक्रार होती. आपल्या वेळी त्या जागेसाठी दिग्दर्शक भांडले होते, हे तो आवर्जून सांगतो, आणि या एका बाबतीत त्या बदनाम नवरा-बायकोचं पारडं जड आहे.

त्याच वर्षी जानेवारीत एचबीओवर 'द लास्ट ऑफ अस' आली होती. गेम लिहिणारा नील ड्रकमन आणि 'चेर्नोबिल'चा लेखक क्रेग मेझिन एकाच टेबलाशी बसले आणि मालिकेने एमीची आठ पारितोषिकं घेतली. तिथे गेममध्येच भरघोस गोष्ट होती, म्हणून तो सोपा दाखला ठरतो. माझ्या लेखी मारिओचा दाखला अधिक वजनाचा. तेच पात्र, जवळपास तीच कथा, आणि दोन टोकांचे निकाल. १९९३ मध्ये उणीव होती ती एका माणसाची, जो म्हणेल की हा चित्रपट असा असेल आणि तसा नसेल. यामाउचींनी ते जोफीवर सोडलं, जोफीने दिग्दर्शकांवर, दिग्दर्शकांच्या हातून ते डिझ्नीने काढून घेतलं आणि डिझ्नीने नव्या लेखकांकडे दिलं.

तरीही तुम्हाला एक विनंती आहे. नवा मारिओ घरातल्या पोरांनी तुम्हाला दाखवला असेलच. जुनाही एकदा मिळवून पाहा. २०२१ मध्ये त्याच्या चाहत्यांनी कापून टाकलेली जवळपास वीस मिनिटं एका जुन्या टेपवरून साफ करून परत जोडली, ती आवृत्ती मिळाली तर उत्तमच. कंटाळा आला तर पुढे ढकला, पण सिमेंटच्या कारखान्यातल्या त्या शहराचे रस्ते नीट बघा आणि लिफ्टचा प्रसंग चुकवू नका.